गावाकडील मुलांना शाळेत टिकवण्यासाठी थेट रोख मदत: मुंबईतील ग्रामस्थ मंडळांसाठी मार्गदर्शन

लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांपासून भांडुप, दिवा, नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेली मुंबईतील ग्रामस्थ मंडळे दरवर्षी जूनमध्ये वह्यावाटप करतात आणि निकालानंतर एखाद्या रविवारी गुणवंतांचा सत्कार करतात. यातील पहिल्या कार्यक्रमाचा लाभ शाळेत येणाऱ्याच मुलांना होतो आणि दुसऱ्याचा लाभ परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांना. जो मुलगा आठवी संपवून नववीत नाव घालतच नाही, किंवा जी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी दिवाळीनंतर घरी बसते, त्यांच्यापर्यंत मंडळाचा रुपया सहसा पोचत नाही. अशा मुलांच्या कुटुंबाला ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला थेट बँक खात्यात देण्याची योजना मंडळाने कशी आखावी, याचे विवेचन पुढे केले आहे. रक्कम मोठी असण्यापेक्षा ती कोणत्या दिवशी पोचते आणि कोणत्या नावाने पोचते याला अधिक महत्त्व आहे, असे माझे मत आहे आणि पुढील बहुतेक सूचना त्या मतावर आधारलेल्या आहेत.

गळती नेमकी कोठे होते ते आधी पाहावे

वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्यापूर्वी गावातील किंवा जवळच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, त्यांच्या परवानगीने जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची नोंदवही) पाहावे. मागील तीन वर्षांत आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेला बसली, एवढे दोनच आकडे प्रत्येक वर्षासाठी लिहून घ्यावेत. मंडळाने मदत सुरू केल्यानंतर काही फरक पडला की नाही हे सांगण्यासाठी पुढे याच आकड्यांचा उपयोग होणार आहे, म्हणून ते मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावेत.

बहुतेक ठिकाणी तडा आठवी आणि नववीच्या मध्ये पडलेला दिसेल, आणि त्याला कारण आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटातील मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाची हमी देतो. पाठ्यपुस्तके आणि शाळेतील आहारही आठवीपर्यंतच मिळतो. नववीत पुस्तके विकत घ्यावी लागतात, दुपारचा डबा घरून न्यावा लागतो, शाळा बहुधा दुसऱ्या गावात असते, आणि नेमक्या त्याच वयात मुलाच्या हाताला काम मिळू लागते. म्हणजे खर्च वाढतो आणि शाळा सोडण्याचा मोबदलाही वाढतो.

मेक्सिकोने 1997 साली 'प्रोग्रेसा' ही योजना ग्रामीण भागात सुरू केली तेव्हा तेथील आखणी अशीच होती. वरच्या इयत्तांना रक्कम अधिक, माध्यमिक वर्गातील मुलींना मुलांपेक्षा अधिक, पैसे आईच्या हाती आणि अट 85 टक्के उपस्थितीची. प्राथमिक वर्गांत बहुतेक मुले आधीच शाळेत जात असल्याने तेथे फरक थोडा पडला. प्राथमिक संपवून माध्यमिक शाळेत जाण्याच्या टप्प्यावर तो ठळक दिसला. मंडळाची ऐपत मर्यादित असेल तर पहिली ते सातवीला हात न लावता आठवी, नववी आणि दहावी एवढ्यावरच ती खर्च करावी.

पैशाने न सुटणारी कारणेही याच भेटीत लक्षात येतात. संध्याकाळची शेवटची एसटी शाळा सुटण्याआधी निघून जात असेल, तर घरात महिन्याला हजार रुपये दिले तरी मुलगी शाळेत जाणार नाही. तेथे आगार व्यवस्थापकांकडे वेळ बदलण्याचे निवेदन घेऊन जाणे हेच मंडळाचे काम. आणखी एक कारण जरा अवघड आहे. नववी नापास झालेल्या पुतण्याला किंवा भाच्याला मुंबईत आणून दुकानात, कॅन्टीनमध्ये किंवा ओळखीच्या कंत्राटदाराकडे चिकटवून देणारे बरेचदा आपल्याच मंडळाचे सभासद असतात. दहावीची परीक्षा दिल्याशिवाय कोणाही मुलाला गावाहून कामासाठी आणणार नाही, असा ठराव वार्षिक सभेत करून घेतल्याखेरीज वर्गणी गोळा करण्यात फारसा अर्थ नाही.

सरकारकडून मिळण्यासारखे आधी मिळवून द्यावे

महाराष्ट्रात मुलांच्या शिक्षणासाठी रोख मदतीची कल्पना नवी नाही. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना 1992 साली सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षे तो भत्ता एका रुपयावरच राहिला. त्या रुपयाचे आज काय होते हे सांगायला नको. मात्र अलीकडच्या काही योजनांची रक्कम मंडळाच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून पात्र कुटुंबाला आपली मदत देण्याआधी त्यांचे अर्ज भरून देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ज्या मुलांचे आई किंवा वडील हयात नाहीत, त्यांच्यासाठी महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात. विधवा आईला या योजनेची माहिती असतेच असे नाही, आणि असली तरी कागदपत्रांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मारावे लागणारे हेलपाटे तिला परवडत नाहीत. तेथे सोबत जाणारा एक माणूस मंडळाच्या वर्षभराच्या मदतीपेक्षा जास्त देऊन जातो. आठवीत असताना द्यावयाची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो आणि मुलांना विद्यार्थी सवलतीच्या पासात भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. लेक लाडकी योजनेचा गवगवा बराच आहे, परंतु ती 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी असल्याने आज आठवीत असलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही.

किती मुले घ्यावीत आणि पैसा कसा पुरवावा

मंडळांचा उत्साह पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो, आणि तेथेच गणित चुकते. आठवीत मदत सुरू केलेल्या मुलाला दहावीपर्यंत नेणे हे बंधन आहे. नववीच्या मध्यावर मदत थांबली, तर मुळीच न देण्यापेक्षा अधिक नुकसान होते, कारण कुटुंबाने त्या भरवशावर काही निर्णय घेतलेले असतात.

समजा, मंडळाचे 120 सभासद आहेत आणि प्रत्येकाने वर्षाला 2,000 रुपये द्यायचे ठरवले. वर्षाचे 2,40,000 रुपये जमतील. एका मुलामागे वर्षाला 8,000 रुपये धरले तर यातून 30 मुले सांभाळता येतात, आणि साहजिकच पहिल्याच वर्षी 30 मुलांची नावे घोषित करण्याचा मोह होतो. तसे न करता दरवर्षी आठवीची केवळ 10 मुले घ्यावीत. पहिल्या वर्षी 80,000 रुपये खर्च होऊन 1,60,000 उरतील, दुसऱ्या वर्षी 20 मुलांवर 1,60,000 खर्च होऊन 80,000 उरतील, आणि तिसऱ्या वर्षापासून 30 मुलांवर पूर्ण रक्कम खर्च होऊ लागेल. तोपर्यंत साठलेले 2,40,000 रुपये ही पूर्ण एका वर्षाची गंगाजळी होते. ती मुदत ठेवीत ठेवावी आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कोणी तात्पुरती मागितली तरी देऊ नये.

रक्कम किती असावी याबाबत सभेत मतभेद होतात. मुलगा कामाला गेला तर जे कमावेल त्याची भरपाई करणे मंडळाला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मोरोक्कोने 2008 च्या सुमारास ग्रामीण प्राथमिक शाळांत 'तैसीर' नावाची योजना चाचणी म्हणून राबवली. तिच्यात दिली जाणारी रक्कम कुटुंबाच्या मासिक खर्चाच्या अवघी 5 टक्क्यांच्या आसपास होती. काही गावांत उपस्थितीची अट नव्हती. मात्र पैसे मुलांच्या शिक्षणासाठी आहेत असे सांगितले जाई आणि नावनोंदणी शाळेतच मुख्याध्यापकांकडे होत असे. एवढ्यानेही गळती लक्षणीयरीत्या घटली, आणि ज्या गावांत उपस्थितीची अट जोडली होती तेथे त्याहून चांगले काही घडले नाही. वडिलांच्या हाती दिले की आईच्या, यानेही तेथे मोठा फरक पडला नाही.

अट घालावी की घालू नये

मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींवर झालेला प्रयोग वेगळे सांगतो. तेथे शाळेत जाण्याची अट घातलेल्या गटातील मुली शाळेत अधिक टिकल्या. पण विनाअट पैसे मिळालेल्या गटात लवकर लग्न आणि गर्भारपण यांचे प्रमाण कमी राहिले, कारण शाळा सुटलेल्या मुलीच्या घरीही पैसे येणे थांबले नव्हते. म्हणजे अट काम करते, परंतु जी मुलगी ती पाळू शकत नाही तिला ती सर्वांत वाईट वेळी उघड्यावर सोडते. ज्या गावांत दहावीच्या आत मुलीचे लग्न ठरवण्याची रीत अजून टिकून आहे, तेथील मंडळाने हे विसरू नये.

माझी शिफारस अशी की महिन्याच्या रकमेला उपस्थितीची अट जोडू नये. मुख्याध्यापकांच्या सहीवर पैसे अडू लागले की त्या सहीवर दबाव येतो. भावकीतल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, या विचाराने हजेरी भरली जाते, आणि मंडळाला मिळणारी एकमेव खरी माहिती खोटी होऊन बसते. उपस्थितीचा उपयोग इशारा म्हणून करावा. सलग दोन आठवडे मूल गैरहजर असेल तर शाळेने मंडळाच्या गावातील प्रतिनिधीला फोन करावा, प्रतिनिधीने त्या घरी जाऊन कारण विचारावे आणि ते दोन ओळींत मुंबईला कळवावे. पैसे मात्र चालू ठेवावेत.

एक अट मात्र पक्की असावी आणि ती जूनमधील प्रवेशाची. कोलंबियाच्या बोगोटा शहरात 2005 साली झालेल्या प्रयोगात काही मुलांच्या रकमेचा एक भाग वर्षभर राखून ठेवून पुढील वर्षाच्या नावनोंदणीच्या वेळी एकदम देण्यात आला, आणि पुढल्या वर्गात नाव घालणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले. आपल्याकडे वह्या, गणवेश, पुस्तके आणि पेरणी हे सगळे खर्च एकाच वेळी अंगावर येतात, त्यामुळे ही पद्धत चपखल बसते. वर्षाच्या 8,000 रुपयांपैकी जुलै ते एप्रिल असे दहा महिने 600 रुपये द्यावेत, आणि उरलेले 2,000 रुपये पुढील जूनमध्ये वरच्या वर्गात प्रवेश घेतल्याची मुख्याध्यापकांची चिठ्ठी मिळताच, त्याच आठवड्यात खात्यात जमा करावेत.

निवड

गुणांवर निवड करू नये. चांगले गुण मिळवणारे मूल बहुधा टिकतेच. आपल्याला चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारे मूल हवे आहे. आठवीच्या वर्गात दहा-बारा मुले असतील तर पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या सर्वांनाच घ्यावे, कारण निवडण्यात जाणारा वेळ आणि त्यातून वाडीवाडीत होणारी कुजबुज ही वाचलेल्या रकमेपेक्षा महाग पडते. एकाच घरात आठवी आणि नववीत दोन भावंडे असतील तर दोघांनाही घ्यावे. बोगोटाच्याच प्रयोगात एका मुलाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही अशा घरांत वंचित राहिलेल्या भावंडाची, विशेषतः बहिणीची, शाळा मागे पडली होती. कार्यकारिणीच्या सदस्यांच्या जवळच्या नातेवाइकांची नावे वार्षिक सभेपुढे वाचून दाखवावीत. खोलीत ठरवू नयेत.

खाते, तारीख आणि बँक मित्र

पैसे आईच्या खात्यात द्यावेत असे साधारणपणे म्हणता येईल, पण खरा निकष मुलाला रोज जेवू कोण घालते हा आहे. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, बीडकडील कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि मूल मागे राहिले तर ते आजीजवळ राहते. तेथे आईच्या खात्यातील पैसे कारखान्याच्या तळावर खर्च होतात आणि आजीला पदरमोड करावी लागते. अशा मुलांची रक्कम आजीच्याच खात्यात जावी. शिवाय मुकादमाकडून उचल घेण्याचे व्यवहार हंगामाच्या बरेच आधी, गणपती-दसऱ्याच्या सुमारास होतात, म्हणून मुलाला मागे ठेवल्यास मदत चालू राहील हे कुटुंबाला त्याआधी सांगितलेले असावे. नोव्हेंबरमध्ये सांगून उपयोग नाही.

खाते निवडताना त्याच खात्याशी पीककर्ज जोडलेले नाही ना, हे पाहावे. थकबाकीपोटी रक्कम वळती होण्याचा धोका असतो. किमान शिल्लक न लागणारे जनधन खाते सर्वांत सोयीचे. पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत घ्यावी, आणि बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी क्रमांक बदललेले असू शकतात म्हणून आधी 1 रुपया पाठवून तो जमा झाल्याची खात्री करावी. खाते क्रमांकावर एनईएफटीने पैसे पाठवण्यासाठी आधार लागत नाही. तेव्हा आधारकार्डांच्या प्रती गोळा करून त्या खजिनदाराच्या पिशवीत फिरवू नयेत.

पैसे जमा झाले म्हणजे हाती आले असे नाही. जुलैत लावणी चालू असते. चिखलात दिवसभर काम करून बोटांची कातडी मऊ पडलेली बाई बँक मित्राकडे (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीकडे) येते, यंत्रावर अंगठा टेकवते, तो उमटत नाही. दुसरे बोट लावते, तेही नाही. मग 'उद्या या' असे ऐकून ती परत जाते आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येते. कधी 600 रुपयांतून वीस रुपये 'सर्व्हिस' म्हणून कापले जातात. यावर उपाय साधे आहेत: रुपे कार्ड काढून द्यावे, पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक घरी फोन करून 'किती मिळाले आणि कोणाकडून काढले' एवढेच विचारावे, आणि तारीख काटेकोर पाळावी. महिन्याच्या 5 तारखेपर्यंत पैसे येतातच असा अनुभव तीन-चार महिने आला की घरातील माणसे त्यांचा हिशेब धरू लागतात, दुकानदार वह्या उधार देतो, आणि एसटीचा पास वेळेवर निघतो. गणपतीत सगळे चाकरमानी गावी जातात तेव्हा एकत्र पैसे वाटू, ही सूचना सभेत हमखास येते. ती ठामपणे नाकारावी.

नोंदणीला शाळेतच बोलवावे. मुख्याध्यापकांच्या समोर पालकाला एका पानाचे पत्र द्यावे: अमुक विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी अमुक रक्कम, अमुक तारखेला, दहावीपर्यंत. ते पत्र मोठ्या अक्षरांत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. स्टेज, शाल, श्रीफळ आणि मुलांचे फोटो यांना फाटा द्यावा. गरीब म्हणून ज्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरला, तो मुलगा पुढच्या महिन्यात आपल्या प्रतिनिधीशी बोलायला तयार होत नाही.

मुंबईतील कागदपत्रे

मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच्या घटनेत शैक्षणिक मदतीचा उद्देश आहे का, ते पाहावे; नसल्यास बदलासाठी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करावा लागतो. या निधीचे बँक खाते उत्सवाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे आणि त्यावर दोन सह्या असाव्यात. देणगीदारांना आयकरात सवलत देणारी 80-जी मान्यता मंडळाकडे असली, तरी 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, म्हणून वर्गणी बँकेतूनच घ्यावी. दुबईत किंवा अमेरिकेत गेलेल्या गावकऱ्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर त्याची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाही. हे न पाहता पैसे घेतल्यास मंडळ अडचणीत येते.

दहावीनंतरचा जून

शेवटचे 2,000 रुपये अकरावी, आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातील प्रवेशाच्या पावतीवर द्यावेत. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, आयटीआयचे अर्जही ऑनलाइनच भरावे लागतात, आणि गावात नेटवर्क मिळवण्यासाठी मूल टेकडीवर चढून बसते त्या वेळी मुंबईतील सभासदाच्या घरी वायफाय चालू असते. म्हणून मार्चमध्ये परीक्षा संपताच प्रत्येक मुलामागे मुंबईतील एक सभासद नेमावा. मे महिन्यात गावी गेल्यावर त्याने जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी जुळवून पाहावे. उणीव असेल तर सुट्टी संपण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज करावा, कारण निकालानंतर त्या खिडकीसमोर सगळ्या तालुक्याची रांग लागते.